वाचलेला प्रवास

बाबा, तुम्ही ज्या खोलीत धानाची ढोली ठेवायचात, त्या खोलीत आता माझं ऑफिस आहे. ढोली अजून आहे, पण रिकामी. बांबूची, शेणानं लिंपलेली, अर्धी खोली अडवून बसलेली. तिच्या बाजूला तुमची लोखंडी पेटी, पेटीवर फळी, फळीवर लॅपटॉप आणि समोर मी. खिडकीला चिकटूनच बसावं लागतं, कारण नेटवर्क खिडकीपुरतंच येतं. खुर्ची हातभर आत सरकवली की पडद्यावरचं माणूस बोलता बोलता थिजतं. खिडकीतून रेल्वेलाईन दिसते. सकाळची गोंदियाची पॅसेंजर जाते तेव्हा फळी थोडी थरथरते आणि मी लॅपटॉपला हात लावून बसते. महासाथीत ऑफिस बंद झालं तेव्हा दोन आठवड्यांपुरती म्हणून ही सोय केली होती. ती अजून चालू आहे. आत्ता दुपारचे तीन वाजलेत. पाचच्या आत मला एक गोष्ट ठरवायची आहे, आणि ती ठरवायची सोडून मी तुम्हाला लिहीत बसले आहे.

काम तुमच्या ओळखीचंच आहे. तीच संस्था, गोंदियाला स्टेशनाजवळच्या गल्लीत चपलांच्या दुकानावरच्या त्याच तीन खोल्या, आणि मी तीच सर्वेवाली बाई. तुम्ही होतात तेव्हा मी कागदी फॉर्मची पिशवी खांद्याला लावून गावोगाव फिरायची. बोदलकशाला तलावावर मासे धरणाऱ्यांच्या घरी गेले होते आणि ओढणीला मासळीचा वास घेऊन संध्याकाळच्या आपल्या नेहमीच्या गाडीत चढले, तेव्हा डब्यातल्या लोकांनी तुम्हालाच चिडवलं होतं, 'लेक सर्वे करते का बाजार?' आता सगळं फोनवर चालतं. आणि आमचा यंदाचा विषय ऐकाल तर तुम्हीही हसाल. घरून काम करणारी माणसं! घरून काम केल्यानं कामाचं काय होतं, जाण्यायेण्याचं काय होतं, गावाचं काय होतं, याचा अभ्यास. म्हणजे मी घरात बसून, घरात बसलेल्या माणसांना फोन लावून विचारते की घरात बसून कसं वाटतं. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, 'वाचलेला प्रवासवेळ'. त्याच्या खाली 'वाचलेला वेळ कशासाठी वापरता?' आणि पुढं चार पर्याय, कुटुंब, आरोग्य, छंद, विश्रांती. शेवटी समाधानी, काहीसे समाधानी की असमाधानी, ते विचारायचं. फॉर्मचं मराठी मीच केलं होतं आणि तेव्हा मला ते फार सुबक वाटलं होतं.

आमच्या मॅडम तुम्ही गेल्यानंतर आल्या. गोंदियाच्याच आहेत, त्यामुळे बोलणं हिंदीत आणि रागावणं मराठीत. गेल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "अपने लोग भी तो घर से ही काम कर रहे हैं, उनका भी फॉर्म भरवा लो." आम्ही आठ जण आहोत. आठही जण समाधानी निघाले तर महिनाअखेरीला त्या तिन्ही खोल्या सोडून द्यायच्या, असं ठरलंय. एकानं जरी ऑफिस हवं म्हटलं तर एक खोली ठेवायची, त्याच्या टेबलासकट. सात जणांचे फॉर्म आले, साती समाधानी. आठवा माझा. तो मी आज सकाळी भरला आणि मीही समाधानीवरच खूण केली. पाच वाजेपर्यंत उत्तर बदलता येतं, पाचनंतर फॉर्म बंद होतो.

आता तुम्ही विचाराल, हवंय तर मग हवं म्हणून लिहायला काय झालं? तेच तर तुम्हाला सांगायचंय. मला ते टेबल हवं आहे, बाबा. त्याचा उजवा खण अडकतो, उचलून ओढावा लागतो, त्याची किल्ली माझ्याकडे आहे. त्या टेबलाशी बसलं की मला कोणी ताई, आत्या, पोरी म्हणून हाक मारत नाही. चहा खालून येतो आणि मी तो बसल्या जागी पिते. इथं या खोलीला दार आहे, पण ते लावायची सोय नाही, कारण ढोलीमागं सूप, चाळण्या, टोपल्या, सगळं घराचं सामान. कोणीही केव्हाही आत येतं. दादा येतो, "गॅसवाला येईन दुपारी, पाहजो, तू तं घरीच हायेस." शेजारची काकू रेशनचं अंगठ्याचं काम घेऊन येते, "तुया मोबाईलवर होते ना वो, तू तं घरीच राहतेस." आई ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "पोरगी घरीच हाये, लॅपटॉप पाहून राहिली." टीव्ही पाहून राहिली म्हणतात ना, त्याच सुरात. रोज दोन्ही वेळचं अपडाउन धरून माझे तीन तास वाचले असं फॉर्म म्हणतो. खरंच वाचले. माझ्या हाती मात्र त्यातलं एक मिनिट लागलं नाही, घरानं ते दारातच उचलून घेतले. मी निमूट 'कुटुंब'वर खूण केली.

आई न्हाणीत घसरली त्याला दोन वर्षं होतील. कंबरेला लागलं. आता काठी घेऊन चालते, पण उठवायला, न्हाणीपर्यंत न्यायला माणूस लागतं. मी घरी असतेच, त्यामुळे ते माणूस मी झाले. कोणी ठरवलं नाही, कोणी सक्ती केली नाही; सक्ती केली असती तर निदान भांडता आलं असतं. दादा तिचा मुलगा आहे, त्याचं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यालाही ते सुचलं नाही. याचा मला राग येतो. हा राग मी पोळ्या लाटताना काढते, म्हणून माझ्या पोळ्या फार पातळ होतात.

पण खरी अडचण दादा नाही, वहिनी आहे. आणि वहिनी चांगली आहे, हीच पंचाईत. तुम्ही तिला पाहिलं नाही. लग्न होऊन आल्यापासून तिनं हे घर, धानाचा रोवणा, कापणी, आजारपणं, सगळं एकटीनं ओढलं. मी रोज सकाळी डबा घेऊन पॅसेंजर पकडायची तेव्हा डबा ती भरून द्यायची. मी घरी बसले आणि आईजवळ माणूस मिळालं, तेव्हा तिनं सडक अर्जुनीला शिवणाच्या केंद्रात काम धरलं. अकराला निघते, साडेचारला येते. आता ती अपडाउन करते, बाबा. ऑटोत तिची जागा ठरलेली आहे, तिच्या मैत्रिणी आहेत, येताना कोणाच्या तरी गोष्टी घेऊन येते. तिला हसताना आवाज होतो हे मला गेल्या दोन वर्षांत कळलं. आज सकाळी मी फॉर्म उघडून शेवटच्या प्रश्नावर अडले होते, तेव्हा ती पर्स लावून दारात आली आणि म्हणाली, "बाई, तुमचं ऑफिस परत सुरू तं नाई होऊन राहिलं ना?" मी म्हटलं, नाही. ती गेली, आणि मी समाधानीवर खूण केली.

तेव्हापासून मला तुमची सायकल आठवते आहे. बारावीचा निकाल लागला होता. मोठेबाबा, तुमचे थोरले भाऊ, ओसरीवर बसले होते, तुम्ही खाली पायरीवर, आई उंबऱ्यात. मोठेबाबा म्हणाले, पोरीची जात, रोज गोंदियाले कायले पाठवतेस? "घरी बसून प्रायव्हेट बी.ए. करन. डिग्री तं तेच भेटते." घराला हातभार लागेल, रोवण्याला माणूस मिळेल, वगैरे. मग ते माझ्याकडे वळले. "काय वो, चालन ना तुले?" मी मान खाली घालून म्हटलं, चालन. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, झालं, तुम्हीही मानलं. रात्रभर मी भिंतीकडे तोंड करून रडले. सकाळी तुम्ही म्हणालात, "चाल, स्टेशनात येतेस का?" मला वाटलं, तुम्ही गोंदियाला कामावर गेलात की सायकल परत घरी आणायला नेताय. मी मागं बसले. तुम्ही सायकल स्टँडवर लावलीत, गाडी आली, आणि तुम्ही मला डब्यात चढवलंत.

ते बोलणं मला शब्दान् शब्द आठवतं. तुम्ही खिडकीशी बसलेले, पुढच्या स्टेशनांवर चढणाऱ्यांसाठी समोरच्या बाकावर तुमचा दुपट्टा पसरून ठेवलेला. मी तिकिटाचं विचारत होते, आणि तुम्ही दुसरंच बोललात.

"काल तुले विचारलं तवा तू खोटं काऊन बोलली?"

मी म्हटलं, मोठेबाबा समोर होते.

"समोर कोणी ना कोणी रायतेच," तुम्ही म्हणालात. "एकदा विचारतेत, पोरी. दुसऱ्यांदा कोणी नाई विचारत."

आवाज चढलेला नव्हता, पण डब्यातली माणसं बाहेर पाहू लागली होती. मला इतकी लाज वाटली की उतरून जावंसं वाटलं. मग तुम्ही शर्टाच्या खिशातून पास काढून माझ्या हातात दिलात. सौंदड ते गोंदिया, माझ्या नावाचा, दहावीच्या फॉर्मवरचाच माझा भेदरलेला फोटो चिकटवलेला. कॉलेजचा दाखला नव्हता, म्हणून सवलतीचा मिळाला नव्हता. तुम्ही मोठ्या माणसाचा पूर्ण पास काढला होता. आणि काढला होता आदल्या दिवशी, म्हणजे ओसरीवरच्या बैठकीच्या आधी. ती बैठक चालली होती तेव्हा पास तुमच्या खिशात होता, आणि तरी तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत थांबला होतात, मी काय म्हणते ते ऐकायला. हे मला फार उशिरा कळलं.

पुढं आठ वर्षं आपण त्या गाडीनं बरोबर गेलो. मी आता लोकांना विचारते, प्रवासात किती वेळ जायचा? कोणी दीड तास सांगतं, कोणी दोन, मी आकडा टाकते. तुमच्या डब्याचा आकडा काय टाकला असता? रोवण्याला बाया कुठल्या गावातून मिळतील ते त्या डब्यात ठरायचं. कोणाच्या सासऱ्याचं औषध गोंदियाहून कोणी आणायचं, कोणाच्या पोराला कुठल्या शाळेत घालायचं, तेही तिथंच. तुमच्या साहेबानं तुम्हाला चारचौघांत बोल लावला, त्या दिवशी तुम्ही घरी आलात ते शांत होऊन आलात, कारण शिव्या गाडीतच देऊन झाल्या होत्या. आता तो डबा अर्धा रिकामा जातो, असं वहिनीला कोणी तरी सांगितलं. मास्तर लोक आपापल्या गाड्या घेऊन जातात, तरणी पोरं घरात लॅपटॉपवर असतात, स्टेशनासमोरचा चहावाला गाव सोडून गेला. सगळ्यांचा वेळ वाचला आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या खिशातल्या पासाचे आठ दिवस बाकी होते. तेरवीनंतर मी पहिल्यांदा एकटी चढले, तर तुमच्या खिडकीच्या जागेवर कोणाचा तरी दुपट्टा पसरलेला होता. मला पाहून एका मास्तरांनी तो उचलला आणि म्हणाले, "बस." त्या जागेवर मी पुढं कितीतरी वर्षं बसले.

इथं थांबले होते. आईला न्हाणीत नेऊन आणलं. चार वाजून गेलेत. लिहिताना माझ्या मनात दुसऱ्याच एका बाईचं चाललं आहे, तेही सांगते. मागच्या सोमवारी मी कुडव्याच्या एका सुनेची मुलाखत घेतली. कुठल्याशा दूरच्या कंपनीची बिलं तपासते, घरून. सगळी उत्तरं अशी सरळ आली की मी खूण करत गेले. समाधानी? हो, खूप. वेळ कशासाठी? कुटुंब. पंधरा मिनिटांत फोन संपला. काल तिचा उलट फोन आला, मागं गाड्यांचा आवाज. "दीदी, आता विचारा," ती म्हणाली. मला कळेना. "त्या दिवशी फोन स्पीकरवर होता. सासूबाई बाजूले बसून होत्या, मिस्टर पण. आता मी स्कूटीवर बाहेर आहे. आता विचारा ना." मी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. ऑफिस होतं तेव्हा तिला जायला बारा मिनिटं लागायची. आता ती रोज दही आणायचं निमित्त करून तासभर नुसती रस्त्यानं फिरते आणि परत येते. "घर में दही कोई खाता भी नहीं, दीदी," असं म्हणून ती हसली.

मी वीस वर्षं सर्वे करते आहे, आणि केवढी मोठी चूक केली पाहा. पूर्वी गावात गेले की मी बाईला विहिरीवर गाठायची, नाही तर शेतात, बांधीच्या धुऱ्यावर. घरात बसून तिला कधी काही विचारायची नाही, कारण घरात बाई काय सांगणार हे मला ठाऊक होतं. फोन हाती आला आणि हे साधं शहाणपण मी विसरले. घरून काम करणाऱ्या बायकांना मी त्यांच्या घरात विचारलं, सासूच्या समोर, नवऱ्याच्या समोर, फोन स्पीकरवर. सगळ्या समाधानी निघाल्या. आमचा अख्खा अहवाल अशा मोठेबाबांसमोर दिलेल्या उत्तरांचा आहे.

तेव्हा मी हे लिहिणं बाजूला ठेवून मॅडमना फोन लावला. आत्ताच ठेवला. मी त्यांना कुडव्याच्या बाईचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लेकिन रेकॉर्डिंग में तो समाधानी है ना?" मी म्हटलं, रेकॉर्डिंग घरातलं आहे, मॅडम, तिचं नाही. घराबाहेर गाठून पुन्हा विचारावं लागेल, तिलाच नाही, सगळ्यांना. त्या वैतागल्या, म्हणजे मराठीत आल्या. अहवाल उद्या द्यायचा आहे, आता कुठून पुन्हा विचारणार? मी हटले नाही. इतका आवाज मी याआधी कधी चढवला नव्हता, ओसरीवरून आईनं विचारलं, "काय झालं वो?" शेवटी मॅडम नरमल्या. त्या बाईचा फॉर्म बदलायचा, आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहायचं की या मुलाखती घरच्यांच्या समोर झाल्या आहेत, त्यांवर विसंबून कोणाचं ऑफिस बंद करू नये. ते वाक्य मी सांगितलं आणि मॅडमनी लिहून घेतलं. मला वाटलं, तुम्ही असता तर डब्यात चार जणांना सांगितलं असतंत.

आणि तरी मॅडमनी लगेच फोन ठेवला नाही. त्या वाईट नाहीत, बाबा. त्यांना काहीतरी जाणवलं असावं. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "और तुम्हारा? फॉर्म अभी खुला है. सच बताओ, तुम ठीक हो ना घर पे? एक कमरा रख लें?"

पाचला दहा मिनिटं कमी होती. त्याच वेळी वहिनी आत आली. ऑटोतून नुकतीच उतरलेली, केसांवर धूळ, चेहरा उजळलेला, हातात माझ्यासाठी चहा. कप फळीवर ठेवून ती तिथंच उभी राहिली आणि ढोलीवरचं कोळिष्टक पदरानं झटकू लागली. मी फोनमध्ये म्हटलं, "हो मॅडम, मी मजेत आहे. खोली नका ठेवू."

पाच वाजून गेले. फॉर्म बंद झाला. संध्याकाळची गाडी अजून आली नाही.

बाबा, तुम्ही गाडीत सांगितलं होतंत ते बरोबर नव्हतं. दुसऱ्यांदाही विचारतात. मला आज दुसऱ्यांदा विचारलं, हळू आवाजात, खरं उत्तर ऐकायच्या तयारीनं, आणि तरी मी चालन म्हटलं. कुडव्याच्या बाईसाठी भांडले आणि स्वतःच्या वेळी मान खाली घातली. या वेळी मोठेबाबा समोर नव्हते. चहा घेऊन आलेली एक बाई होती, आणि तिचं अपडाउन मला मोडवलं नाही. हे मी प्रेमापोटी केलं की भित्रेपणानं, ते मला खरंच कळत नाही. तुम्ही असतात तर सायकल काढली असतीत की नसतीत, तेही कळत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं? पेटीत तळाशी तुमचा चष्म्याचा डबा आहे, त्यात घडी करून ठेवते. त्या डब्यात आणखी काही आहे, ते तुम्हाला सांगून टाकते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. ऑफिस बंद झालं, गाड्या बंद होत्या, मग सुरू झाल्या. त्या महिन्यापासून मी दर महिन्याला स्टेशनावर जाते, घरी सांगते भाजी आणायला चालले, आणि सौंदड ते गोंदिया पास काढते. त्यावर एकदाही गेले नाही; ते सगळे पास त्या डब्यात आहेत. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस परवा सहज म्हणाला, रोज जाणं असतं का, ताई? मी म्हटलं, हो, रोज.